कासाराच्या पुढ्यातली कुस्ती

आमची नात सातवीत आहे. ‘आमच्या गावची जत्रा’ या विषयावर तिनं निबंध लिहिला आणि सरांनी खाली लाल शाईनं विचारलं, ‘भावाने लिहून दिला आहे काय?’

आता हिला सख्खा भाऊ नाही. चुलत आहे, तो अंगणवाडीत खिचडी खायला जातो.

निबंध कुस्तीवर होता, हीच काय ती भानगड. आमचं हे कराडकडचं उसाचं गाव, जत्रेत मैदान भरणार म्हणजे भरणारच. पोरगीनं लिहिलं होतं, ‘हलगी कडाडली की मलाच शड्डू ठोकावासा वाटतो. हरलेला पैलवान अंगावरची माती झटकत नाही, ती घरापर्यंत नेतो.’ मी ते दोनदा वाचलं. पण सर यंदाच सांगली शहरातून आलेले, कोवळे. ते म्हणाले, “मुली असं लिहीत नाहीत. मुलीच्या नजरेतून दुसरा लिहून आण.” चांगला निघेल तो निबंध तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होता. तिचा सगळा जीव त्यात. घरी आली ती नाक ओढतच.

आणि मी शहाणी काय म्हणाले? “रडतीस काय? बांगड्यांवर लिही. मी लिवलं हुतं, बक्षीस घेतलं!”

ती गोष्ट सांगायलाच हवी. माझं माहेर कवठे महांकाळकडचं. तिथल्या जत्रेत बायकापोरींनी मैदानाकडं फिरकायचं नाही, म्हणून मी कडब्याच्या गंजीवर चढून कुस्त्या बघायची. केसांत कडबा घेऊन घरी यायची आणि आईच्या शिव्या खायची. शाळेत हाच विषय आला तेव्हा या ध्यानानं लिहिलं, ‘कासाराच्या दुकानी रंगीबेरंगी कंकणांचा मंजुळ किणकिणाट ऐकून माझे कोमल मन मोहरून गेले.’ कोमल! त्याच दुपारी शेजारच्या पोराला कुस्तीतली ढाक लावून उकिरड्यात घातला होता. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला, स्टीलची वाटी दिली. झालं, मला चटक लागली. पुढं शाळा सुटेपर्यंत मी फुलं, चांदणं आणि आईची माया यांच्या बाहेर पडले नाही. समोर रेडा उधळला असता तरी मी त्याच्या डोळ्यांतलं कारुण्य लिहिलं असतं. मुलीनं काय लिहायचं ते तोंडपाठ झालं, आणि आपल्याला काय दिसलं ते लिहायची सवयच मोडली. ती वाटी अजून आहे, मिठाच्या डब्यात पडून असते.

नातीनं सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले नि म्हणाली, “म्हंजे आजी, तुझा निबंध खोटा हुता तरी खरा धरला. माझा खरा हाय, तर खोटा व्हय?”

दुसऱ्या दिवशी पातळ बदललं आणि तिच्याबरोबर शाळेत गेले.

“आवं सर, हिचा भाऊ हाय खरा,” मी म्हणाले, “पण त्याला अजून ‘अ’ काढता येत न्हाई.”

सर ओशाळले, पण हटेनात. “तसं नव्हे, आजी. भाषा बघा ना. ही मुलीची भाषा वाटत नाही.”

“मग बसवा की हितंच तुमच्यासमोर. विषय बी मुलींचाच द्या.”

सरांना पटलं. हसून म्हणाले, “बरं. जत्रेतला कासार.”

मी कपाळाला हात लावला. आमची पोरगी बांगड्या म्हटलं की शिवार गाठते. ती आत बाकावर बसली, मी बाहेर गुलमोहराखाली. मनात म्हटलं, म्हातारे, आपणहून डाव दिलास सरांच्या हातात.

तास संपल्यावर सर कागद घेऊन बाहेर आले, मागून नात. सर उभ्याउभ्याच वाचू लागले:

‘कासार आईचा हात हातात घेतो तेव्हा आधी खडाखडी होते. तो बोटं दाबून अंदाज घेतो, आई हात आखडते. मग तो अंगठा आत दुमडून पकड घेतो आणि म्हणतो, ताई, हात ढिला सोडा. कुस्तीत ढिला सोडणारा हरतो. इथं आखडणाऱ्याच्या बांगड्या फुटतात. आईचा चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं. कासार विचारतो, अजून घालू? आई म्हणते, घाला. निकाल लागल्याशिवाय माझी आई उठत नाही.’

सर वाचता वाचता हसू लागले आणि शेवटच्या ओळीला थांबले. “माझी आईही अशीच बसते,” म्हणाले. “मी शेजारी उभा असायचो. कधी बघितलंच नाही.” मग जुना निबंध काढून त्यांनी स्वतःचा शेरा स्वतःच खोडला. “लिहिणारा हात एकच आहे. चुकलो मी. बोल, स्पर्धेला कुठला पाठवू?”

“कुस्तीचाच,” नात म्हणाली. “बांगड्यांचा आजीला द्या. तिचा लय गुळमट हाय.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. “आजी, तुम्हीही लिहिलाय?”

“चल गं घरी,” म्हणून मी तो कागद घेतला, कमरेला खोचला आणि कोमल मनानं वाट धरली.