आषाढात सुटलेली होडी

मित्रहो, आज सकाळी रत्नागिरीत एका पुरस्कारप्राप्त कादंबरीकारांचा सत्कार होता. माझ्या शेजारी बुरोंडीच्या सुमनकाकू बसल्या होत्या. मासे विकून संसार केलेल्या या बाईंनी ती कादंबरी दोनदा वाचली होती.

प्रश्न विचारायची वेळ आली तशा त्या उठल्या. "दादा, नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्यात होडी कोण लोटत नाय. तुमचा नायक आषाढात कसा गेला?"

लेखक हसले. "ताई, ही कादंबरी आहे, पंचांग नाही."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. काकू खाली बसल्या.

मला माझ्या लहानपणीचं गावचं वाचनालय आठवलं. तिथे लेखक एसटीने येत आणि आमच्यासोबत सतरंजीवर बसत. एकदा आमच्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, भर सभेत एका लेखकाची भरती-ओहोटी चुकल्याचं सांगितलं. लेखक म्हणाले, "सावकाश सांगा, लिहून घेतो." दुपारी ते तांडेलाकडेच जेवले.

आज टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी, एरवी सभा दणाणून सोडणारा माणूस, गप्प बसलो. बाहेर आल्यावर काकूंची माफी मागितली.

"पुस्तक आवडलं म्हणून तर उठले," त्या म्हणाल्या. "नायतर बाजार सोडून कशाला आले असते?"

पुरस्कार देणारे परीक्षक त्या पानावरून पुढे गेले, काकू तिथे थांबल्या. तुम्हीच सांगा, आज त्या लेखकाचा खरा सत्कार कोणी केला?