मामा गप्प झाले तेव्हा

कंडक्टरमामांना "बरं आहे" हे उत्तर चालत नसे. कुणी तसं म्हणालं की ते हात आडवा धरून त्याला अडवत. "बरं म्हंजे कुठं? गाडी फुलंब्रीला हाय का सिल्लोडला? स्टॉप सांग." त्यांची सारी नोकरी एसटीत गेली, त्यातली बरीचशी संभाजीनगर-फर्दापूर गाडीवर. त्यामुळे माणसाची तब्येत त्यांना त्या रस्त्यावरच दिसायची. दवाखान्यातून सुटलात की गाडी स्टँडवरून निघाली. दोन वेळचं जेवण जायला लागलं की फुलंब्री. जिना चढून धाप लागली नाही की सिल्लोड. "आन् अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूर. पर घाटात कुणी घाई करायची नाय."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अटॅक येऊन मी घरी परतलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे राहिले. राहायला दोन घरं सोडून. तोवर आमची ओळख त्यांचा 'जय भीम' आणि माझा नमस्कार एवढीच. मी शाळेत क्लार्क, मुळातच अबोल. मला बघून त्यांनी माझ्या बायकोलाच विचारलं, "रडतात का?"

ती गोंधळली. "नाही हो. नुसते भिंतीकडं बघत बसतात."

"मग अवघड हाय. रडणाऱ्याला पाणी तरी देता येतं." मग स्वतःच्या छातीवर थाप मारून मला म्हणाले, "माझ्यात दोन स्प्रिंगा टाकल्यात. तुमच्यात किती?"

"एक."

"मग मी सीनियर. आजपास्नं अरेतुरे करणार. उद्या सहाला तयार ऱ्हा."

आमच्या गल्लीपासून हिमायतबाग दहा मिनिटांवर आहे. तिथल्या आंब्यांखालून आम्ही चालायला लागलो. डॉक्टरांनी सांगितलेला नियम मामांना पाठ होता: चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं, श्वास बघायचा, छातीत काय वाटतंय ते सांगायचं. माझ्यासारख्याला ही शिक्षाच होती. मी मुकाट चालायला लागलो की मामा डाफरायचे. "बोल की! तू बोलला नाय तर मला कळणार कसं, तू दमलास का घुम्या हाईस?"

"काय बोलू?"

"काल भाजी कशाची व्हती ते सांग."

पहिला आठवडा भाजीतच गेला. दुसऱ्यात हेडमास्तर आले. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं की आंघोळीला गेलो की मी आतून कडी लावत नाही. पडलो तर दार फोडावं लागू नये म्हणून. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मामा हसले नाहीत. थोडं चालून म्हणाले, "मीबी नव्हतो लावत. चार म्हयने. मग एक दिवस मामी म्हणाली, पाव्हणे आलेत, कडी लावा. लावली. काय झालं नाय." त्या दिवशी घरी जाऊन मी कडी लावली.

त्यांच्या खिशात तंबाखूची जुनी डबी असायची. तंबाखू अटॅकनंतर सुटली होती, डबी सुटली नव्हती. तिच्यात बडीशेप. "हात सवयीनं खिशाकडं जातो. त्याला रिकामा कसा धाडू?" गोळ्यांना ते तिकीट म्हणायचे. सकाळी भेटल्यावर पहिला प्रश्न, "तिकीट काढलं का?" एकदा मी खोटंच हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी आपणहून परत फिरलो आणि गोळी घेऊन आलो. ठेच्यावर त्यांचा फार जीव. मामी तो आठवड्यातून एकदा, बिनमिठाचा करायच्या. मामा खाताना डोळे मिटून घेत आणि म्हणत, "मीठ हाय असं समजायचं." चार-साडेचार महिन्यांत माझी गाडी सिल्लोडच्या पुढं गेली. भिंतीकडं बघणं केव्हा थांबलं ते मला आठवतसुद्धा नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

थंडी ओसरली होती, बागेत मोहराचा वास होता. मामा एका बाईची गोष्ट सांगत होते. तिनं शेळी पदराखाली घेऊन गाडीत चढवली होती आणि शेळीच्या तिकिटावरून भांडण पेटलं होतं. बागेतल्या विहिरीपाशी गोष्ट मधेच तुटली. पुढचं वाक्य आलंच नाही. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते समोर बघत चालत होते. कानशिलावर घाम होता आणि हवा गार होती.

मला कळलं होतं. नियम मला त्यांच्याइतकाच पाठ होता. पण त्या क्षणी मला वाटलं ते वेगळंच: छान वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडून शब्द मागत नव्हतं. राहू दे, म्हटलं, जरा शांत चालू. विहिरीपासून फाटकापर्यंत मी ती शांतता उपभोगत चाललो. फाटकाशी मामांनी गजाला धरलं आणि खाली बसले.

रिक्षा, दवाखाना, धावपळ. वेळेत पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. मामींनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही सोबत होता म्हणून वाचले." गल्लीतल्या प्रत्येकानं हेच वाक्य म्हटलं आणि प्रत्येक वेळी मी मान हलवली.

मामा घरी आले आणि बोलायचेच बंद झाले. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मामी रडकुंडीला आल्या. "गोळ्या उशाखाली सारतात. जेवत नाहीत. चालायचं म्हटलं की पाठ फिरवतात. तुमचं तरी ऐकतील." मी रोज जाऊन बसायचो. एकदा विचारलं, "मामा, स्टॉप कुठला?" भिंतीकडूनच उत्तर आलं, "गाडी मोडीत निघाली."

त्यांच्या जागी कुणी दुसरा असता तर मामांनी त्याला बोलतं केलं असतं. माझ्याकडं बोलण्यासारखी एकच गोष्ट होती. मामी गिरणीवर गेल्या होत्या, तेव्हा मी ती काढली.

"मामा, त्या दिवशी तुम्ही विहिरीपाशी गप्प झालात. मला कळलं होतं."

मग पाठ हलली. "काय कळलं व्हतं?"

"तुम्ही बोलत नाही ते. घामही दिसला होता."

"मग थांबवलं का नाय?"

"छान वाटत होतं. गप्प चालायला."

ते वळले, उठून बसले. "छान? आरं, मी मरत व्हतो आन् तुला छान वाटत व्हतं?" आणि मग जे सुटले! मराठीत, हिंदीत, दोन्ही मिसळून. "कैसा आदमी है रे तू! चार म्हयने घसा फोडला माझा, का तर ह्यानं बोलावं. आन् बोलायच्या टायमाला ह्यो मुका!" त्यांना पुन्हा काही होईल या भीतीनं मी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मामा, सावकाश. आणि मामींना सांगू नका."

"जा. नाय सांगत कुणाला."

तेवढ्यात पिठाचा डबा काखेत घेऊन मामी दारात आल्या. "काय झालं? कोपऱ्यापर्यंत आवाज येतोय."

"काय नाय," मामा म्हणाले. "क्लार्कसाहेबांना बोलता येतं, आज कळलं."

त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी मागून घेतली, गोळ्याही घेतल्या, असं मामी सांगत आल्या. माझ्याशी मात्र चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी सहाला आमच्या दारावर काठी वाजली. "चल. पर आता रस्त्याकडं बघायचं नाय. माझ्या तोंडाकडं बघत चालायचं." पुढचं दीड वर्ष मी हिमायतबागेत ठेचकाळत, तिरका तिरका चाललो. ते दोन क्षण थांबले की माझं सुरू, "मामा, बोला." "बोलतोय की! आता बोंबलू का?"

मग त्यांच्या मुलीनं मामा-मामींना वैजापूरला नेलं. गेल्या वर्षी, दुपारी जेवून आडवे झाले ते मामा उठले नाहीत. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वैजापूरला गेलो. गल्लीत मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. बुद्धवंदना झाली. मी मागं बसलो होतो. शेजारी एक म्हातारे होते, मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलणारे. "कुठनं आले?"

"संभाजीनगरहून. मामांबरोबर सकाळी चालायचो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजे ते गप्प बसलेले तुम्हीच व्हय?"

पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या. "अय्या, ज्यांना छान वाटलं व्हतं ते?"

दोघंतिघं हसले, हळूच, मांडवात हसतात तसे. माझी मान तापली. मामांनी इथंही सकाळी चालणाऱ्यांचा गट जमवला होता. अटॅकमधून उठलेला जो नवा माणूस यायचा, त्याला पहिल्या दिवशी ही गोष्ट ऐकवली जायची. बाई म्हणाल्या, "शेवटाला सांगायचे, सोबतचा गप्प झाला की लाजू नका, विचारा. माझा एक भला माणूस लाजला व्हता."

मी मामींकडं पाहिलं. त्याही माझ्याकडंच बघत होत्या. त्यांना केव्हापासून ठाऊक होतं, कोण जाणे.

"मामा तिखटमीठ लावून सांगायचे," म्हातारे म्हणाले. "खरं असंच झालं व्हतं का?"

नाही म्हणायला जागा होती. मामांची गंमत, एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं.

"खरंच झालं होतं," मी म्हणालो.

सतरंजीवर कुणीतरी सरकून जागा केली. मी मामींच्या समोर जाऊन बसलो आणि विहिरीपासून फाटकापर्यंतचं सगळं, एकही पाऊल न गाळता, त्यांना सांगितलं.