समीक्षाचा हिरवा ठिपका

समीक्षा फळ्यासमोर उभी होती. हातात खडू होता, पण तो फळ्याला लागत नव्हता. समोर पाहुणे बसलेले, बाजूला आमचे हेडमास्तर ढोबळे सर, आणि मागच्या भिंतीला टेकून मी. फळ्यावर प्रश्न होता : दोन तृतीयांश मोठा की तीन पंचमांश?

"सांग बेटा, घाबरू नको," पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या. "तू तर वर्गात सगळ्यांत पुढे गेली आहेस."

समीक्षाने ओढणीचं टोक धरलं आणि त्याची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजतेय. ती लाजत नव्हती हो. ती गणित करत होती. हे फक्त मला कळत होतं. आणि त्या घडीतून हे उत्तर निघणार नाही, हेही मलाच कळत होतं.

इथपर्यंत गाडी कशी आली ते सांगते.

मी शहराच्या कडेला, बेसा भागातल्या एका शाळेत सहावीला गणित शिकवते. शाळा इथे गाव होतं तेव्हापासूनची. आता चहूकडे फ्लॅटच्या स्कीम झाल्या. त्या स्कीममधली मुलं बसने दुसरीकडे जातात. आमच्याकडे येतात ती त्या स्कीम बांधणाऱ्यांची आणि तिथली भांडी घासणाऱ्यांची मुलं. माझी निवृत्ती जवळ आली आहे. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. बटणं दाबत, चुकत, परत दाबत माझी मीच शिकले. त्यामुळे एआयवाले टॅब शाळेत येणार म्हटल्यावर पहिला हात माझा वर. स्टाफरूममध्ये सगळे हसले.

"मेश्राम मॅडम, आता काहून डोक्याले ताप करून घेऊन राहिल्या? आरामात रिटायर व्हा ना."

"अरे, पाहू तर द्या मले," मी म्हटलं.

प्रकार साधा आहे. मूल टॅबवर गणित सोडवतं. बरोबर आलं की मशीन पुढचं जरा अवघड देतं, चुकलं की सोपं देतं. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मापाचं. याला ते लोक अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणतात. शिक्षकाला दिसतो तो डॅशबोर्ड. त्यावर प्रत्येक मुलाचा एक ठिपका. लाल म्हणजे मागे, पिवळा म्हणजे चालू आहे, हिरवा म्हणजे छान. खरं सांगते, मला आवडलं होतं. वर्ग भरगच्च. एका बाईने रोज कुणाकुणाचं बघायचं?

आता माझ्या वर्गातली एक जुनी रीत सांगायला हवी. जोडी. ज्याला येतं त्याच्या शेजारी ज्याला येत नाही तो. नियम एकच. जोडीदार मागे असेल तर तुझंही झालं नाही. दोघांचं झाल्याशिवाय हात वर करायचा नाही. ही रीत मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही, वर्गात उभं राहून राहून शिकले. पोरांचं पोरांना लवकर समजतं. समीक्षाची जोडी आचलशी होती. आचल म्हणजे चुरचुरीत पोरगी, वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर. समीक्षा सावकाश. अपूर्णांक म्हटले की ती वही मिटून ठेवायची. म्हणून शाळा सुटल्यावर मी तिला जादा तासाला बसवायचे. कागदाची पट्टी घ्यायची, दुमडायची, उलगडायची. अर्धा, पाव, पाऊण. ती पाऊणपर्यंत आली होती. हळू, पण पक्की.

टॅब आले. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. पोरं मात्र जोडीनेच बसली, कारण वर्गात बसायचं कसं तर जोडीने. आणि बघता बघता समीक्षाचा ठिपका लालचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा झाला.

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण जादा तासाला ती अजून पट्टीच दुमडत होती. मी विचारलं, "समीक्षा, टॅबवर तर तू अपूर्णांकांचे भागाकार करून राहिली. इथे काहून अडते वं?"

तिने खाली बघितलं. "तिथे होते, मॅडम."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तेवढ्यात प्रोजेक्टचा केतन आला. टॅब देणाऱ्या संस्थेचा माणूस, तरुण, बोलायला गोड. म्हणाला, ज्यांचा ठिपका हिरवा त्यांना जादा तासाची गरज नाही, ती जागा लाल मुलांना द्या. समीक्षाचं नाव जादा तासातून निघालं. मी सरळ ढोबळे सरांकडे गेले.

"सर, तिले पट्टीशिवाय पाऊण समजत नाही. तिले राहू द्या."

"मॅडम, मशीन रोज तपासते तिले. तुम्ही तपासता का रोज?"

"मशीन उत्तर तपासते, सर. मी पोरगी पाहून राहिली."

"आता तुम्हीच हौसेने आणलं ना हे? मग त्याचं ऐका ना जरा."

त्यानंतर आठवड्याभरातच टॅबचं काम बघायला पाहुणे येणार असं कळलं. कुणाला फळ्यावर बोलवायचं तेसुद्धा मशीनने काढून दिलं. सर्वाधिक प्रगती : समीक्षा. मी म्हटलं, दुसरं कुणी घ्या. केतन म्हणाला, "मॅडम, गोष्ट तर हिचीच भारी आहे."

तर ती फळ्यासमोर उभी, ओढणीची घडी घालत. मागे पोरं खुसखुसायला लागली. केतन हसत म्हणाला, "नर्व्हस झाली, सर." तेवढ्यात आचल उभी राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"सर, तिले नाही येत ते. तिचं मी सोडवून देत होती."

ढोबळे सर म्हणाले, "म्हणजे? काहून?"

"जोडीदार आहे ना ते माही. मॅडमनंच सांगतलं, जोडीदाराले मागे ठेवायचं नाही. आपलं झालं की मी तिचं करत होती. मग दोघीचं होऊन जाये."

बघा, किती सरळ. आचलने चोरी केली नव्हती. तिने नियम पाळला होता. जोडीत पूर्वी ती समीक्षाला समजावून सांगायची, कारण वहीत समीक्षाचं अक्षर असल्याशिवाय मी मानत नसे. टॅबला अक्षर नसतं. बोट कुणाचंही चालतं. आणि एक बरोबर आलं की मशीन दुसरं आणखी अवघड द्यायचं. समजावून सांगायला वेळ कुठला? आचल सोडवत गेली, समीक्षा बघत राहिली. समीक्षाच्या ठिपक्यात समीक्षा नव्हतीच.

पाहुणे चहा न घेता गेले.

पुढचं लवकर झालं. जोड्या मोडल्या. प्रत्येक जण वेगळ्या बाकावर. टॅब आता चेहरा बघूनच उघडतो. समीक्षाचं खातं पुसून पहिल्यापासून सुरू केलं. मशीनने तिला नव्याने तपासलं, पट्टीशिवाय ती चुकत गेली, आणि मशीनने तिच्या मापाचं दिलं. तिच्या मापाचं म्हणजे काय, तर स्क्रीनवर फुगे आणि ससा. फुगे मोज, सशाला गाजर दे. आणि ससा मोठ्याने बोलतो. सहावीच्या वर्गात. मी आवाज बंद करायला धावले. तोवर पोरांनी तिचं नाव ससा ठेवून टाकलं होतं.

ती यायची बंद झाली.

मी स्कूटर काढून तिच्या घरी गेले. एका नव्या स्कीमच्या मागे टिनाच्या खोल्या आहेत, तिथे. आई कामाला निघायच्या घाईत होती. समीक्षा तिच्याबरोबर निघालेली, केस बांधून, तयार.

"मॅडम, बसा ना," आई म्हणाली. "मी किती समजावलं हिले. म्हणते, मले येत नाही. मंग म्हटलं घरी बसून तरी काय करते? चाल माह्यासंग."

"अहो, येते तिले. पाऊणपर्यंत येते. थोडं राहिलं होतं."

आईने पिशवीत डबा ठेवला. मग समीक्षाच बोलली. "मॅडम, आचलसंग बसू देता का?"

मी म्हटलं, "मी बोलते सरांशी."

"बोलल्या नाही का आतापर्यंत?"

बोलले होते. ढोबळे सर म्हणाले होते, नियम वरून आला, एका मुलीसाठी वर्ग हलवता येत नाही. जादा तास मागितला, तर म्हणाले, आता टॅबच जादा तास घेते ना. हे सगळं त्या दारात कसं सांगायचं? माझ्या चेहऱ्यावरून पोरीला कळलं. तिने आईची पिशवी उचलली. "जातो मॅडम," म्हणाली. जाताना पाया पडली. तेवढंच करायचं राहिलं होतं जणू.

मी अजून दोनदा गेले. दाराला कुलूप होतं.

डॅशबोर्डवर बरेच दिवस न उघडलेलं खातं आपोआप बाजूला काढलं जातं. समीक्षाचं निघालं. त्याबरोबर वर्गाची सरासरी चढली आणि आमच्या वर्गाचा एकूण ठिपका हिरवा झाला. केतनने फोन करून अभिनंदन केलं.

आचल आता एकटी बसते. सगळ्यांच्या आधी तिचं होतं, तशी ती हात वर करते. परवा शेजारच्या बाकावरची पोरगी तिच्या स्क्रीनकडे वाकून बघत होती, तर आचलने टॅबवर आडवा हात धरला. नव्या नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे.

तुम्ही शिक्षक असाल आणि तुमच्या शाळेत हे टॅब येणार असतील, तर येऊ द्या. मशीन खोटं बोलत नाही. त्याला जे दाखवलं तेच ते सांगतं. फक्त ठिपका बघण्याआधी बाकावर कोण कुणाजवळ बसलंय ते बघून घ्या. ते एकदा मोडलं, की त्यांना परत शेजारी बसवायची परवानगी तुम्हाला कुणी देत नाही.