सूर्यभानची दाढी

राहुरीकडच्या कालव्याचं पाणी शेताला लागलं आणि सूर्यभानचं नशीब उघडलं. ऊस झाला, गुऱ्हाळ झालं, त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गुळाचा भाव चढला. घरात कशाची ददात उरली नाही. बैलांच्या गळ्यात पितळी घुंगरं, दारात नवा कोरा छकडा, आणि आल्यागेल्याला जेवल्याशिवाय उठू द्यायचं नाही. असा हा दिलदार माणूस दर रविवारी दाढी झाली की गालावर कापसाचे बोळे चिकटवून गावभर हिंडायचा.

त्याचा मुलगा राधाकृष्ण भिंगारला लष्कराच्या गोदामात कारकून होता. तो पातं घालायच्या यंत्रानं आपली आपण दाढी करी. लढाई संपल्यावर असली यंत्रं भिंगारच्या बाजारात ढिगानं आली होती. सूर्यभानसाठी एक आणायचं म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "नगं. असली चैन आपल्याला परवडत न्हाई."

कालपरवा खिलारी बैलजोडी घेतलेल्या माणसानं हे म्हणावं! गावानं काय ते समजून घेतलं. बाकी सगळं ठीक, पण दाढीच्या बाबतीत गडी चिक्कू आहे. सूर्यभाननं ते नाव खुशाल मिरवलं.

खरं कारण होतं बन्सी न्हावी. दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखलेली. आता वयानं बन्सीचा हात थरथरू लागला होता. गावातली तरणी पोरं राहुरीच्या सलूनात जाऊ लागली, मग त्यांचे बापही गेले. बन्सीकडे उरला एकटा सूर्यभान. सुगीत त्याला पोतंभर धान्य असंच देता आलं असतं, पण बन्सी पक्का हट्टी. काम केल्याशिवाय तो दाणा घेणारा नव्हता. म्हणून सूर्यभान दारातल्या कडुलिंबाखाली त्याच्यासमोर उकिडवा बसे, हनुवटी वर करी आणि जीव मुठीत धरी. बन्सी गालाला पाणी लावून अखंड बोलत राही. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली. वस्तरा गळ्यावर असल्यामुळे सूर्यभानला फक्त "हं" म्हणता येई.

राधाकृष्णाचं लग्न ठरलं आणि सूर्यभानच्या बायकोचा, गोजरबाईचा, धीर सुटला. नगरचे व्याही येणार आणि वरबाप असा ओरबाडलेल्या तोंडानं उभा राहणार! त्या रविवारी बन्सीचा वस्तरा ओठाखाली चांगलाच बसला. रक्त पाहून ती दारातून कडाडली, "आवं, पैशाला काय तोटा हाय का? त्ये यंत्र घ्या म्हनलं तर घ्यायचं न्हाई. का, तर म्हनं बन्सी रिकामा बसंल!"

बन्सीनं तुरटी लावली. वस्तरा पुसला, धोकटीत ठेवला आणि ती काखेला मारून निघून गेला. गोजरबाईला आपल्याच जिभेची लाज वाटली, पण आता काय उपयोग?

पुढच्या रविवारी बन्सी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सूर्यभान दोनदा त्याच्या घरी गेला, तर दाराला कडी. दाढी वाढून तोंड न कुळवलेल्या रानासारखं झालं. लग्नासाठी रजेवर आलेला राधाकृष्ण आपलं यंत्र पुढे करी, सूर्यभान तोंड फिरवी. "बन्सी यील," एवढंच तो म्हणे, आणि मनातून पुरता घाबरलेला असे. आपण त्याचा मान राखायला गेलो आणि त्याला भिकाऱ्यासारखं वाटायला लावलं, हे त्याला खात होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी बन्सी आला. त्याच्या दोन्ही गालांवर बारीक बारीक चिरा होत्या. लिंबाखाली बसून त्यानं धोकटी उघडली आणि आतून चकचकीत यंत्र काढलं.

"भिंगारला जाऊन आनलं. आधी माज्याच गालावर शिकलो," तो म्हणाला. "ह्यानं हात थरथरला तरी लई लागत न्हाई."

सूर्यभाननं यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आरं, तू कशाला पैसं घातलंस?"

"मंग काय करू? तुमी पडला चिक्कू." बन्सी हसला, आणि मग हसणं थांबवून म्हणाला, "दादा, इतकी वर्सं माज्यापायी रगत काढून घेतलंत. आता बास. वर करा हनुवटी."

सूर्यभाननं हनुवटी वर केली. यंत्र गालावरून सरसर फिरलं. दारात गोजरबाई सवयीनं कापूस घेऊन उभी होती, तो तिच्या हातातच राहिला. बन्सी खाली मान घालून काम करत होता, एवढ्यात त्याच्या बोटांना ओल लागली. त्यानं दचकून पाहिलं. सूर्यभानच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं.

"लागलं का, दादा?"

"न्हाई रं," सूर्यभान म्हणाला. "गप का बसलास? कुनाची म्हैस व्याली, त्ये सांग."