डाव्या कुशीवर

माझे मेहुणे टेलर. मेडिकल कॉलेजच्या फाटकासमोरच त्यांचं दुकान. नवी आलेली मुलं पहिला पांढरा एप्रन त्यांच्याकडून शिवून घेत, आणि शेवटच्या वर्षी तोच एप्रन घालून त्यांची छाती तपासायला येत.

लहानपणी सांधे धरून ताप आला होता. तेव्हापासून त्यांच्या हृदयाची एक झडप आकसलेली. तिचा आवाज म्हणे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. म्हणून प्रॅक्टिकल परीक्षेला कॉलेज त्यांना पेशंट म्हणून बोलवी. ते इस्त्रीचा शर्ट घालून जात. खाटेपाशी आलेली मुलं कुजबुजत, "काका, सांगा ना, काय झालंय तुम्हाला?"

"सांगितलं तर तू पास होशील आणि उद्या कुणाचा तरी जीव घेशील," असं ते दरडावत. पण पोर रडकुंडीला आलं की हळूच डाव्या कुशीवर वळत. तसं वळलं की आवाज सापडतो.

मोठे डॉक्टर दर वेळी सांगत, "वेळेत ऑपरेशन करून घ्या, झडप मोकळी होईल." वर म्हणत, "फक्त एवढी परीक्षा होऊ द्या." परीक्षा होई, मग मेहुणेच फिरकत नसत.

बहीण भडके. "परीक्षा त्यांची आणि जीव तुमचा! तुम्हाला काय डॉक्टरकीची पदवी मिळणार आहे?"

"अगं, आवाज गेला तर मला कोण विचारणार? तिथे दोन-दोन प्रोफेसर माझ्या छातीवरून भांडतात."

मीही म्हणालो, "दाजी, शिकून गेलेल्यांपैकी एकाने तरी मागे वळून पाहिलं का?"

"पाहतात की," ते हसले. "बटण तुटलं की येतात."

यंदा मशीन चालवताना त्यांना धाप लागू लागली. तरी परीक्षेला गेलेच. एका मुलीने आवाज बरोबर ओळखला. परीक्षक पुढच्या खाटेकडे वळले, ती मात्र थांबली. "काका, तुम्ही झोपता कसे?"

"बसून. बरेच दिवस झाले."

तिचा चेहरा उतरला. तिने मोठ्या डॉक्टरांना परत बोलावलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर व्हरांड्यात आम्हा बहीणभावाला म्हणाले, "हृदय फार थकलंय. आता ऑपरेशन झेपणार नाही."

"एवढ्या जणांनी कान लावला हो त्यांच्या छातीला," बहीण म्हणाली.

मेहुण्यांना आम्ही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. मग पुढच्या परीक्षेसाठी कॉलेजचा फोन आला. ते हो म्हणाले. "आता दुसराही आवाज आलाय म्हणे," मला सांगू लागले. "पोरांना जड जाईल."

बहीण या वेळी भडकली नाही. शर्टाला इस्त्री करत राहिली. तो आता त्यांच्या अंगावर नुसता लोंबतो.

"बाजूने थोडा आत घेऊ का?" तिने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "तिथे काढूनच ठेवायचा असतो."