वाघोबाच्या लाकडाची हॉकी

नातू टीव्हीवर परदेशी कॉलेजांची बर्फावरची हॉकी बघतो. काठ्यांची टकटक कानावर पडली की आजही माझी पाठ गार पडते.

संस्थान विलीन झाल्यावर जव्हारला शाळांचे पहिले हॉकीचे सामने भरले. विकतच्या हॉकीस्टिक आम्हाला कुठल्या मिळायला? टोकाला वाकलेल्या जाड फांद्या फक्त वाघोबाच्या, आमच्या वाघदेवाच्या, देवराईत होत्या, कारण तिथे कोणी कुऱ्हाड लावत नसे. आम्ही लावली.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी माझ्या बापाला, बाला, ते कळलं. तो ओरडला नाही. "देवाचं लाकूड तोडलंस, पोरा. आता तो पाठीमागून येल," एवढंच म्हणाला.

मी गोलकीपर होतो आणि माझ्या पाठीशी रान होतं. चेंडू समोरून येत होता, पण माझे कान मागे लागले होते. वाळक्या पाल्यात काही करकरलं की मी गोलच्या खांबाला चिकटायचो. शेवटी धीर करून मागे वळलो. बा माझ्या आणि रानाच्या मधे, मैदानाकडे पाठ करून उभा होता. कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या मुठीत थरथरत होता. रागाने, असं मला तेव्हा वाटलं.

आज मी त्याच्याहून म्हातारा आहे. मी चेंडू अडवायला उभा होतो आणि बा वाघोबाला.