वामनरावांचं न घटणारं वजन

वामनराव वजनकाट्यावर उभे होते आणि आकडा पाहून सगळे खूश होते. सिस्टर खूश, डॉ. मानकर खूश. वामनरावांच्या पत्नी कमलाकाकू तर काट्यालाच हात जोडायच्या बेतात होत्या. मागच्या वेळी जेवढं होतं तेवढंच वजन आजही भरलं होतं.

"पाहा मॅडम, म्या सांगतलं होतं ना," वामनराव मला म्हणाले. "माल जसाच्या तसा हाये."

मग ते शेजारच्या स्टीलच्या खुर्चीत बसले आणि खुर्ची वाजली. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा खण् आवाज. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते लगेच भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर मोठ्या भक्तिभावाने वाचू लागले.

मी यवतमाळच्या एका कॅन्सर डे-केअर सेंटरमध्ये डाएटिशियन आहे. डे-केअर म्हणजे सकाळी यायचं, सलाईनमधून केमो घ्यायची आणि संध्याकाळच्या आत घरी. पेशंट मला 'खाण्याच्या मॅडम' म्हणतात. या नावाला माझी हरकत नाही, माझ्याकडे पाहिलं तर ते पटतंही.

वामनराव बाभुळगावचे. घरी कापूस, तूर, सोयाबीन. शिवाय उभा जन्म जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर म्हणून काढलेला. गाडीतला कापूस मुठीत धरून त्याचा दर्जा सांगायचा हे त्यांचं काम. आता त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. स्वादुपिंड म्हणजे पोटात मागच्या बाजूला दडून बसलेला, अन्न पचवणारे रस तयार करणारा अवयव. नागपूरच्या सर्जनने सांगितलं होतं, आधी केमो पूर्ण करा, गाठ आटोक्यात आली आणि अंगात ताकद राहिली तर ऑपरेशन करू. म्हणजे सगळी आशा त्या ऑपरेशनवर, आणि ऑपरेशनची वाट केमोतून.

केमो मात्र त्यांना सोसवत नव्हती. तोंडभर फोड, जुलाब थांबायचं नाव नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला. दोनदा बाभुळगावहून तातडीने आणून अॅडमिट करावं लागलं होतं. खुर्ची वाजली त्याच दिवशी डॉ. मानकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मला कळतच नाही," ते म्हणाले. "डोस उंची आणि वजनावरून काढलाय. वजन टिकून आहे. मग एवढा त्रास का? आता केमो बंद करावी लागेल."

"बंद केली तर ऑपरेशन?"

"मग ऑपरेशन कसलं."

"सर, त्यांची अंगठी पाहिली का तुम्ही?"

"मॅडम, मी पेशंटचे दागिने पाहत नाही."

"मी पाहते. पहिल्या दिवशी ती बोटात रुतली होती. आज तिला दोरा गुंडाळलाय, गळून पडू नये म्हणून. वजन तेवढंच आणि बोटं मात्र बारीक, असा कसा माणूस?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते ऐकतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे. मी सुचवलं, आधीचा आणि आत्ताचा सीटी स्कॅन शेजारी शेजारी लावून पाहू. गाठ नको, स्नायू पाहू.

हे जरा समजावून सांगते. सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या चकत्या दिसतात, काकडीच्या कापांसारख्या. कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळची चकती पाहिली की अंगात मांस किती आणि चरबी किती, याचा चांगला अंदाज येतो. यालाच बॉडी कंपोझिशन म्हणतात. दोन माणसांचं वजन सारखं असेल, पण एकाच्या अंगात स्नायू असतील आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी नि साठलेलं पाणी. काट्याला दोघं सारखेच. केमोला मात्र सारखे नसतात. ज्याच्या अंगात स्नायू कमी, त्याला तोच डोस बरेचदा जास्त बाधतो.

स्क्रीनवर दोन चकत्या आल्या. पहिलीत पाठीचे स्नायू भरलेले, गोल. दुसरीत तेच स्नायू धुऊन धुऊन विरलेल्या फडक्यासारखे. पोटावरची चरबीही उतरलेली. डॉक्टरांनी दोन्ही चकत्या मोठ्या करून पाहिल्या.

"पायावर थोडी सूज आहे," शेवटी ते म्हणाले. "पण एवढा फरक पाण्याने भरून निघत नाही. मग काट्यावरचं बाकीचं वजन आलं कुठून?"

"खुर्चीला विचारते," मी म्हणाले आणि बाहेर आले.

वामनराव बंडी घालून बसले होते. बाहेर ऊन रखरखत होतं आणि हा माणूस जाड बंडीत. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

"काका, एक सांगा. कापसाची गाडी काट्यावर आली. वजन बरोबर भरलं की तुम्ही लगेच भाव सांगायचे?"

त्यांचे डोळे चमकले. आजारी माणसाला त्याच्या धंद्यातलं विचारावं, औषधाआधी गुण येतो. "असं कसं, मॅडम? वजनावर जाणारा ग्रेडर घरी बसते. म्या आंदी आत हात घालतो. वरचा माल सारेच चांगला ठेवतात. खाली ओल हाये का, काडीकचरा हाये का, ते पाह्यतो. मंग उतारा पाह्यतो."

उतारा म्हणजे क्विंटलभर कापसातून सरकी काढल्यावर हाती येणारी रुई. खरी किंमत तिची.

"लोक काय काय करतात हो वजन वाढवायला?"

"काय नाई करत? पानी मारतात. खाली गोटे टाकतात. एकानं तं मले चकवाले..." आणि ते मध्येच थांबले.

"मग काका," मी शांतपणे म्हणाले, "घालू का आत हात?"

कमलाकाकू आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होत्या. वामनरावांनी मान खाली घातली. मग एखाद्या राजाने तलवार खाली ठेवावी तशा थाटात बंडीच्या आतल्या खिशातून तराजूचं एक लोखंडी माप काढून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या खिशातून दुसरं. मग छोटी छोटी आणखी काही.

"अवो," कमलाकाकू म्हणाल्या. "तूर मोजाची मापं घरात सापडत नव्हती तं म्या सुनेले बोलून राह्यली होती. तुम्ही खिशात घेऊन फिरून राह्यले?"

"तू चूप बस."

"म्या चूप बसू? काहून केलं असं?"

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. "पयल्या दिवशी साहेब म्हणले, वजन घटलं तं औषध देता येनार नाई. कमी भरलेला लॉट वापस जाते, मॅडम. मले वापस नव्हतं जायचं."

घरी कापसाच्या मोठ्या काट्यावर आधी स्वतःला मोजायचं, जेवढं घटलं तेवढं खिशात भरायचं आणि मग यवतमाळची एसटी धरायची. दर वेळी थोडं जास्त. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी पकडली, आणि वेळ आल्यावर तीच उपयोगात आणली. मला हसू येत होतं आणि ते दाबायला बराच अभिनय करावा लागला.

मापं घेऊन मी केबिनमध्ये गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओळीने मांडली.

"हे काय?"

"वामनरावांचं न घटलेलं वजन."

डॉक्टर आधी भडकले, मग हिशेबाला लागले. मापांमुळे डोस फार चढला नव्हता. खरं नुकसान वेगळंच होतं. वजन टिकलंय म्हणून कोणी विचारलंच नाही की हा माणूस जेवतो का. त्यांनी त्या दिवशीची केमो पुढे ढकलली, पुढचा डोस खऱ्या अंगाला झेपेल असा कमी केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बंद करत नाही. पण तोवर मला तुम्ही स्नायू दाखवायचे, मॅडम."

आता सामना माझा होता.

घरी काय चाललंय हे कमलाकाकूंना खोदून विचारलं. कॅन्सर कळल्यापासून बैठकीत खाट टाकलेली, येणारा प्रत्येक पाहुणा "पडून राहा, हलू नका" म्हणून जायचा. पाण्याचा पेला उचलायला गेले तर दोन मुलं धावायची. खायला साबुदाण्याची पेज, मुगाचं पाणी आणि पाहुण्यांनी आणलेली बिस्किटं. चव लागेना म्हणून तीही अर्धीच. पचनासाठी दिलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवण होऊन आडवं झाल्यावर, बडीशेपेसारख्या. स्वादुपिंड रस करत नाही म्हणून तो रस कॅप्सूलमधून द्यायचा असतो, आणि तो घासाबरोबरच पोटात जायला हवा. नाहीतर खाल्लेलं तसंच बाहेर जातं.

सेवा अशी की कोणाला नाव ठेवता येऊ नये. आणि त्या सेवेत माणूस झिजत होता.

मी कमलाकाकूंना बाजूला घेतलं. "काकू, आता पेज बंद. घट्ट वरण, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट. अंडं चालेल का?"

"माह्या चुलीवर नाई." मग थोडं थांबून, "अंगनातल्या चुलीवर चालन."

"कॅप्सूल पहिल्या घासाला. आणि काका दिवसभर खाटेवर दिसता कामा नयेत."

"पावने काय म्हनतीन?"

"पाहुण्यांना चहा कोण करतं?"

काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यांनी घरी जाऊन जाहीर केलं की जो 'पडून राहा' म्हणेल त्याला चहा नाही. बाभुळगावात ही बातमी माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा वेगाने पसरली.

राहिली मापं. ती मी वामनरावांच्या हातात परत दिली.

"ही तुमचीच आहेत. पण आता खिशात नाही, हातात. खुर्चीत बसून दोन्ही हातांनी उचलायची. आधी छोटी, जमली की मोठी. आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं."

"मॅडम, या वयात तालीम?"

"नाही काका. उतारा वाढवायचाय."

ते पुढच्या तपासणीला आले तेव्हा मी आधी बंडी काढायला लावली. काटा बराच खाली आला. वामनरावांचं तोंड पडलं. मग मी त्यांच्या हातात मुठीची ताकद मोजायचं यंत्र दिलं, मागच्या वेळी मापं परत देताना दिलं होतं तेच. त्यांनी दाबलं, आकडा मागच्यापेक्षा वर. खुर्चीतून उठले, हात न लावता. कमी केलेला डोस सुरू झाला. फोड आले, पण जेवण सुटलं नाही. जुलाब झाले, पण अॅडमिट करावं लागलं नाही. एकदा पुन्हा पांढऱ्या पेशी घसरल्या आणि केमो थोडी लांबली. त्या काळात ते सगळ्यांवर चिडले, माझ्यावर सर्वांत जास्त, पण मापं उचलणं त्यांनी सोडलं नाही.

केमो पूर्ण झाली. नवीन सीटीत गाठ आकसलेली होती. डॉ. मानकरांनी यावेळी स्वतःहून तिसऱ्या मणक्याजवळची चकती उघडली आणि मला हाक मारली. विरलेल्या फडक्याला परत थोडं सूत आलं होतं. फार नाही, पण नागपूरच्या सर्जनला पुरेल एवढं. ऑपरेशन झालं आणि वामनराव घरी आले. या आजारात पुढचं कोणी लिहून देत नाही, आम्हीही देत नाही. मापं त्यांच्या खुर्चीजवळ आहेत. तूर मोजायला काकूंनी नवीन आणली.

आमच्या सेंटरमध्ये आता काट्याशेजारी भिंतीला एक खुंटी ठोकली आहे. बंडी, जॅकेट, पर्स, मोबाइल सगळं त्या खुंटीवर, मगच काट्यावर पाय. आणि आकडा कितीही चांगला आला तरी मी पेशंटशी हात मिळवते, जरा घट्ट.